राजवाड्याच्या बागेतली संत्री

न्युरेम्बर्गला भारतातून कुणी पाहुणे आले की आपणा सर्वांचा कार्यक्रम ठरलेला असतो. पहिल्या दिवशी किल्ला, दुसऱ्या दिवशी बाजारचौकातले सोनेरी कारंजे आणि ड्यूररचे घर, तिसऱ्या दिवशी दगडी फरसबंदीवर चालून गुडघे धरले म्हणून विश्रांती. चौथ्या दिवसापासून पाहुणे खिडकीशी बसून ट्रामा मोजू लागतात. मागच्या मे महिन्यात माझे वडील आले, तेव्हा हा चौथा दिवस दुसऱ्याच दिवशी उजाडला. किल्ल्याच्या बुरुजावरून त्यांनी सगळे शहर पाहून घेतले आणि विचारले, "बेटा, इथं शेती कुठं आहे?"

बाबांची शेती अमरावती जिल्ह्यात वरूडजवळ आहे. चार एकर संत्र्याची बाग, साडेचारशेच्या आसपास झाडे. वय त्र्याहत्तर. आई दोन वर्षांपूर्वी गेली. धाकटी बहीण पुण्याला, मी इथे. विहिरीचे पाणी दरवर्षी खोल जाते, डिंक्या रोगाने झाडे वाळतात, मजूर मिळत नाहीत. बाग विकून टाकावी आणि बाबांनी काही महिने पुण्याला, काही महिने आमच्याकडे राहावे, असे आम्हा बहिणींचे फोनवर ठरले होते. 'आमच्याकडे' म्हणजे किती, हे आपल्यापैकी प्रत्येकाला पाठ आहे: १८० दिवसांत ९० दिवस. त्या ९० दिवसांत हा विषय बाबांपुढे काढण्याची जबाबदारी माझ्यावर आली होती. घरात तो निघेना. म्हणून जूनमधल्या एका शनिवारी मी त्यांना आन्सबाखच्या राजउद्यानात घेऊन गेले. सावली आहे, बाके आहेत, प्रवेशमूल्य नाही, आणि न्युरेम्बर्गहून एस-बानने पाऊण तासात पोचता येते.

बोलणे झाले, पण मी ठरवून गेले होते तसे नाही. त्याचे कारण त्या बागेतली झाडे. त्यांची हकिकत आपल्या वाचकांना आवडेल, आणि शेवटी थोडी उपयोगीही पडेल, असे वाटल्याने हा लेख.

राजवाडा इकडे, बाग तिकडे

आन्सबाखचे राजे म्हणजे होहेनत्सोलर्न घराण्यातले मार्कग्राफ. मार्कग्राफ म्हणजे मुळात सीमेवरचा सरदार, पुढे स्वतंत्र संस्थानिक. हे घराणे आपल्याला परके नाही. न्युरेम्बर्गच्या किल्ल्यात बुर्गग्राफ म्हणून याच लोकांचे ठाणे होते. १३३१ मध्ये त्यांनी आन्सबाख मिळवले आणि १४२७ मध्ये न्युरेम्बर्गच्या किल्ल्यातला आपला भाग शहराला विकून टाकला. तेव्हापासून न्युरेम्बर्ग व्यापाऱ्यांचे आणि आन्सबाख राजाचे, अशी ही शेजारची दोन गावे झाली.

राजवाड्यात २७ दालने पाहता येतात. त्यांतला चिनी मातीच्या फरशांनी मढवलेला भोजनकक्ष चुकवू नये. मात्र आजचा विषय बागेचा आहे. या बागेचे एक वैशिष्ट्य नकाशा पाहिल्यावरच लक्षात येते. फ्रेंच पद्धतीच्या राजउद्यानात सर्व रस्ते राजवाड्याच्या मधल्या खिडकीकडे धावतात. राजाने खिडकीत उभे राहावे आणि सृष्टीला आपल्या आज्ञेत रांगेत उभी पाहावी, हा त्यामागचा हेतू. आन्सबाखला ते जमण्यासारखे नव्हते, कारण राजवाडा रस्त्याच्या एका बाजूला आणि बाग दुसऱ्या बाजूला. मग बागेच्या मध्यभागी राजाच्या जागी कुणाला बसवायचे?

उत्तर मिळाले: संत्र्याच्या झाडांना. १७२६ मध्ये कार्ल फ्रीडरिश फॉन त्सोखा या वास्तुविशारदाच्या देखरेखीखाली येथे ओरांजेरी उभी राहू लागली. सुमारे शंभर मीटर लांबीची ही इमारत लांबून पाहिली तर कुणालाही राजवाडाच वाटेल. तिची दक्षिणेची बाजू व्हर्सायच्या ग्राँ त्रियानॉनवरून आणि उत्तरेची बाजू पॅरिसच्या लूव्ह्रवरून बेतलेली आहे. एवढा थाट, आणि तो हिवाळ्यात झाडांनी राहावे म्हणून!

बाबा इमारतीसमोर उभे राहिले. पुढच्या हिरवळीवर लाकडी कुंड्यांत ओळीने झाडे मांडलेली होती. ते सरळ पहिल्या कुंडीपाशी गेले, एक पान तोडले, चुरगळून हुंगले आणि म्हणाले, "हे तं आपलंच झाड आहे."

नारिंगाचा प्रवास

त्यांचे म्हणणे पानाच्या वासावरून होते, पण ते शब्दशः खरे आहे. लिंबूवर्गातल्या फळांचे मूळ घर हिमालयाच्या पायथ्यापासून आसाम, ब्रह्मदेश आणि दक्षिण चीनपर्यंतच्या पट्ट्यात. संस्कृतातले 'नारंग' फारसीत 'नारंज' झाले, अरबांबरोबर स्पेनला जाऊन 'नारांखा' झाले, आणि फ्रेंचांनी पुढचा 'न' गिळून त्याचे 'ओरांज' केले. त्या ओरांजला राहायला जी इमारत, ती ओरांजेरी. म्हणजे आन्सबाखच्या या थाटाच्या इमारतीवर आपल्याकडचाच एक शब्द, प्रवासात कपडे बदलून, येऊन बसला आहे. युरोपात आधी पोचले ते कडू नारिंग. गोड संत्रे पुष्कळ नंतर, साधारण पंधराव्या-सोळाव्या शतकात, व्यापाऱ्यांबरोबर आले.

झाड आले, पण आल्प्सच्या उत्तरेला त्याला हिवाळा सोसेना. म्हणूनच ते मौल्यवान झाले. जे आपोआप उगवते त्यात राजाचा मोठेपणा कसला? ज्याला वर्षातले सहा-सात महिने घरात ठेवावे लागते, ते झाड ज्याच्या अंगणात फळते तो मोठा. आपले न्युरेम्बर्गचे व्यापारी या हौसेत राजांच्या मागे नव्हते. योहान क्रिस्टोफ फोल्कामर नावाच्या व्यापाऱ्याने १७०८ मध्ये 'न्युर्नबेर्गिशे हेस्पेरिडेस' हा ग्रंथ छापला आणि १७१४ मध्ये त्याचा दुसरा भाग काढला. त्यातल्या ताम्रपटांवर वर भलेमोठे लिंबू किंवा नारिंग लटकते आहे आणि खाली न्युरेम्बर्ग परिसरातली एखादी बाग दिसते आहे. त्या परंपरेतल्या काही बागा सांक्ट योहानिस भागात १९८० च्या दशकात पुन्हा उभ्या करण्यात आल्या. योहानिस स्ट्रासेवरच्या हेस्पेरिडेन बागांत आपल्यापैकी पुष्कळांनी मुलांचे फोटो काढलेले असतील. तिथल्या कुंड्यांतली झाडे कुठल्या हकिकतीतली आहेत, ते आता त्यांना सांगता येईल.

बाबांना मी हे सांगत होते. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "आपल्याकडेही संत्रं राजानंच आणलं म्हणतात." नागपूरकर भोसल्यांनी अठराव्या शतकात औरंगाबादेहून संत्र्याची झाडे आणून नागपुरात लावली, अशी परंपरागत कथा आहे. तिथून ते काटोल, वरूड, मोर्शीकडे पसरले. भोसल्यांच्या नागपूरच्या महाराजबागेत आज प्राणिसंग्रहालय आहे आणि लोक डबे घेऊन जातात. आन्सबाखचेही तेच झाले. इथल्या शेवटच्या मार्कग्राफाने, कार्ल आलेक्झांडरने, १७७७ मध्ये आपले सैनिक अमेरिकेतल्या युद्धासाठी इंग्रजांना भाड्याने दिले. १७९१ मध्ये वार्षिक तनख्याच्या बदल्यात सगळे संस्थानच प्रशियाला देऊन तो इंग्लंडला निघून गेला. १८०६ मध्ये आन्सबाख बव्हेरियाकडे आले. १९१८ मध्ये बव्हेरियाचे राजेही गेले. आज ही बाग राज्याचे राजवाडे व उद्याने खाते सांभाळते. राजा गेला, सैनिक गेले, कुंड्या मात्र दर उन्हाळ्यात बाहेर येतात.

सूर्याचा हिशेब

माझी डॉक्टरेट उष्णतेच्या वहनावरची. पुढे पोटासाठी संगणकाची आज्ञावली लिहू लागले ती गोष्ट वेगळी. त्यामुळे ओरांजेरीसमोर उभी राहिल्यावर मला शिल्पाआधी खिडक्या दिसल्या. दक्षिणेकडे इतक्या उंच खिडक्या कशाला?

आन्सबाख साधारण ४९ अंश अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या शेवटी भर दुपारी इथे सूर्य क्षितिजापासून जेमतेम १७ अंश वर येतो. त्याच दिवशी वरूडला तो ४५ अंशांवर असतो. आता पाच मीटर उंचीची एक खिडकी धरा. १७ अंशांनी येणारे ऊन तिच्या वरच्या कडेवरून आत शिरले, तर सोळा मीटर खोलवर जमिनीला टेकते. म्हणजे खोली कितीही रुंद असो, मागच्या ओळीतल्या झाडालाही ऊन मिळते. जूनमध्ये सूर्य ६४ अंशांवर असतो, तेव्हा त्याच खिडकीतून ऊन अडीच मीटरही आत येत नाही. पण तेव्हा झाडे बाहेर असतात. जुन्या ओरांजेऱ्यांत उत्तरेची भिंत बहुधा जाड आणि बंद ठेवत, कारण तिकडून ऊन येत नाही, थंडी मात्र येते. कडक थंडीत शेगड्या पेटवीत. संगणक नव्हता, उष्णतेची समीकरणे नव्हती, पण बांधणाऱ्यांनी गणित बरोबर सोडवले होते.

आज आन्सबाखच्या मुख्य इमारतीत उपाहारगृह आहे, समारंभ होतात, बाख महोत्सवाच्या मैफली होतात. झाडांचा हिवाळा आधुनिक हिवाळी घरात जातो. पण पंचांग जुनेच आहे. मे महिन्याच्या मध्याला 'आइसहायलिगे' म्हणजे हिमसंतांचे दिवस येतात. १५ मेला 'थंडगार सोफी' होऊन गेली की रात्री दहिवर गोठण्याची भीती संपली असे इथला प्रत्येक माळी मानतो. मग कुंड्या बाहेर. ऑक्टोबरात, पहिल्या कडक थंडीआधी, पुन्हा आत.

ताण आणि विश्रांती

कुंड्यांना पाणी देणारा एक माळी तिथे होता, पन्नाशीचा, सावकाश बोलणारा. बाबांनी मला दुभाषी केले. पहिला प्रश्न, "एवढ्या मोठ्या झाडाची मुळी एवढ्याशा पेटीत मावते कशी?" माळ्याने सांगितले की अशा चौकोनी पेट्यांच्या बाजू उघडता येतात. काही वर्षांनी पेटी उघडून मुळांची कडा छाटतात, नवी माती भरतात आणि त्या प्रमाणात वरच्या फांद्याही छाटतात. खाली जेवढे तेवढेच वर. बाबांनी मान डोलावली.

दुसरा प्रश्न पाण्याचा. उन्हाळ्यात जवळजवळ रोज, हिवाळ्यात अगदी थोडे. तिसरा प्रश्न, हिवाळ्यात घरात किती गरम ठेवता? मला वाटले होते की माळी वीस अंश तरी म्हणेल. तो म्हणाला, "पाच ते आठ."

मी चकित झाले. बाबा झाले नाहीत. ते म्हणाले, "म्हणजे हे थंडीचा ताण देतात."

वाचकांपैकी जे विदर्भातले नाहीत त्यांच्यासाठी खुलासा करते. संत्र्याचे झाड पाणी मिळत राहिले की पाला वाढवत राहते, मनापासून फुलत नाही. म्हणून बागाईतदार त्याचे पाणी तोडतात. याला ताण देणे म्हणतात. मृग बहार घ्यायचा असेल तर उन्हाळ्यात पाणी बंद करायचे. आमच्या काळ्या जमिनीत दीड-दोन महिने लागतात. पाने मलूल होतात, पिवळी पडतात, काही गळतात. नवख्याला वाटते झाड गेले. मग मृगाचा पाऊस आला की काही आठवड्यांत झाड पांढऱ्या फुलांनी भरते. डिसेंबर-जानेवारीत ताण दिला तर तो आंबिया बहार, आणि तिथे पाण्याच्या तुटीला थंडीचीही मदत मिळते. वनस्पतिशास्त्र हेच सांगते: लिंबूवर्गात फुलाची कळी धरायला काही आठवडे थंडी तरी लागते किंवा पाण्याची तूट तरी. आन्सबाखचा माळी एक वाट वापरतो, वरूडचा बागाईतदार दुसरी.

हे मला माळ्याला समजावून सांगायचे होते. 'ताण'ला जर्मन शब्द सापडेना. 'श्ट्रेस' म्हटले तर तो गोंधळला. मी सगळी प्रक्रिया वर्णन करून सांगितली, तेव्हा त्याचा चेहरा उजळला. "आख झो," तो म्हणाला, "विंटररूहे!" म्हणजे हिवाळ्यातली विश्रांती. मी बाबांना उलट भाषांतर करून सांगितले. आपण ज्याला ताण म्हणतो त्याला हे लोक विश्रांती म्हणतात.

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "दोन्ही बरोबरच आहे. फक्त किती दिवस ते कळलं पाह्यजे. जास्त झालं तं झाड जाते."

लिंडनच्या सावलीत

ओरांजेरीच्या बाजूने लिंडन वृक्षांची दुहेरी वीथी जाते. त्या आधी आम्ही दोन थांबे घेतले. एक लेओनहार्ट फुक्सच्या नावाची औषधी बाग. हा सोळाव्या शतकातला वैद्य काही वर्षे आन्सबाखच्या मार्कग्राफाच्या पदरी होता. त्याच्याच नावावरून फुक्सिया फुलाला नाव पडले. १५४२ च्या आपल्या वनस्पतिग्रंथात त्याने मिरचीचे चित्र छापले. तो तिला कालिकतची मिरी समजत होता! मिरची अमेरिकेतली, पण पोर्तुगीजांच्या जहाजांनी तिचा पत्ता असा गोंधळून टाकला होता. दुसरा थांबा कास्पर हाउझरच्या स्मारकाचा. १८२८ मध्ये न्युरेम्बर्गच्या चौकात अचानक उगवलेला हा पोरगा कुणाचा, हे कुणालाच कळले नाही. १४ डिसेंबर १८३३ रोजी याच बागेत त्याला सुऱ्याची जखम झाली आणि तीन दिवसांनी तो मेला. बाडेनच्या राजघराण्याचा तो पळवलेला वारस होता, अशी वदंता जवळजवळ दोन शतके चालली. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय तपासणीने ती खोटी ठरवली. तो कोण होता हे मात्र अजून कळलेले नाही. बाबा म्हणाले, "ज्याचं गाव माहीत नाही त्याचं फार वाईट."

मग बाकावर बसलो, डबा उघडला, आणि मी विषय काढण्याआधीच त्यांनी काढला. "तुम्ही दोघी बहिणी काय बोलता ते मला माहीत आहे. चार एकर आता झेपत नाही, हे खरं आहे."

मी घाईने म्हटले, "बाबा, तुम्हाला विश्रांतीची गरज आहे."

"हो. पन विश्रांती म्हणजे काय ते आता त्या माळ्यानं सांगितलं ना? झाड पेटीतच राह्यते. बाग विकून मी पुण्याला तुझ्या बहिणीच्या सहाव्या मजल्यावर बसलो, तं त्याला विश्रांती कोण म्हणेल?"

मला उत्तर देता आले नाही. खरे सांगायचे तर मी आमच्या सोयीचाच हिशेब मांडला होता: त्यांचे औषधपाणी, आमची काळजी, रात्री फोन वाजला की होणारी धडधड. ती सगळी खरी आहे. पण त्या हिशेबात झाडाला काय लागते हा आकडा मी धरलाच नव्हता. उंच इमारतीच्या खिडक्यांचे गणित मला पटकन कळले होते. घरच्या माणसाचे नाही.

त्यानंतर तासभर आम्ही व्यवहाराचे बोललो, असे बोलणे आमच्यात आई गेल्यापासून झाले नव्हते. विहिरीलगतची दोन एकर त्यांनी ठेवायची, लांबची दोन पुतण्याला ठोक्याने द्यायची. फवारणी आणि तोडा पुतण्याने बघायचा. वर्षातून एकदा, बाग ताणावर असताना, मे महिन्यात त्यांनी इकडे यायचे. कुंड्या बाहेर येतात त्याच सुमाराला. त्या वेळी वरूडला पाऊस अजून आला नव्हता आणि ते रोज पुतण्याला विचारत होते. तो नऊ दिवसांनी आला. त्या रात्री व्हिडिओवर पुतण्याने त्यांना अंधारात भिजणारी बाग दाखवली. दिसले काहीच नाही, पण आवाज आला.

आपल्या घरचा कढीपत्ता

आता उपयोगाची गोष्ट. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी कुंडीत कढीपत्ता आहे, आणि बहुतेकांचा तो डिसेंबरात मरतो. माझे तीन मेले. आपण त्याला प्रेमाने हीटरच्या वर, खिडकीशी ठेवतो आणि मुलाला भरवावे तसे पाणी घालतो. माळ्याला विचारले तेव्हा त्याने कपाळाला हात लावला.

कढीपत्ता संत्र्याचाच भाऊबंद, लिंबाच्या कुळातला. डिसेंबरात इथे दिवस आठ तासांचा, तोही बहुधा ढगाळ. खोलीत २२ अंश ऊब असली की झाडाला वाटते वाढायचे आहे. ते साठवलेले अन्न खर्च करू लागते, पण तेवढे अन्न तयार करायला प्रकाश नाही. जमा कमी, खर्च जास्त. शिवाय हीटरची कोरडी हवा आणि तिच्याबरोबर येणारे बारीक कोळी. ऊब आणि अंधार एकत्र दिले की झाड उपाशी मरते.

उपाय ओरांजेरीचाच. ऑक्टोबरात कुंडी थंड पण उजेडाच्या जागी हलवा. जिन्यातली दक्षिणेची खिडकी किंवा न तापवलेली खोली चालेल. कढीपत्ता संत्र्याइतका काटक नाही, त्याला बारा ते पंधरा अंश असू द्या. माती वरून दोन-तीन बोटे कोरडी झाल्याशिवाय पाणी नको. खत वसंतापर्यंत बंद. पाने पिवळी पडून गळली तर घाबरू नका. खोड नखाने किंचित खरवडून पाहा. आत हिरवे असेल तर झाड जिवंत आहे. मार्चमध्ये उजेड वाढला की पाणी वाढवा आणि थंडगार सोफी होऊन गेल्यावर बाल्कनीत काढा.

मागच्या ऑक्टोबरात मी माझी कुंडी आमच्या इमारतीच्या जिन्यात ठेवली, खालच्या मजल्यावरच्या आजींची परवानगी काढून. जानेवारीत तिच्यावर एकही पान नव्हते. आजींनी दोनदा सहानुभूती दाखवली आणि एकदा ते टाकून द्यायचे आहे का, असेही विचारले. मी बाबांना फोटो पाठवला. त्यांचे उत्तर आले, "राहू दे. पानी नको घालू."

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात खोडाच्या टोकाशी दोन हिरवे ठिपके दिसले. बाबा मेमध्ये येतील तेव्हा फोडणीपुरती पाने नक्की असतील.